क्वारू नावाची एक लीग होती

1971 साली दक्षिण आफ्रिकेत, पोर्ट एलिझाबेथ शहराच्या काळ्या वस्त्यांमधले काही रग्बी क्लब आपल्या जुन्या बोर्डातून उठून बाहेर पडले. वरवर बघितलं तर भांडण नेहमीचंच, क्लब आणि बोर्डाचं, मानापमानाचं, आणि त्यात स्प्रिंग रोज या क्लबचं नाव सगळ्यात पुढे होतं. पण बाहेर पडून त्यांनी जे केलं ते मात्र नेहमीचं नव्हतं. त्यांनी स्वतःची लीग उभी केली, क्वाझाखेले रग्बी युनियन, जिला सगळे क्वारू म्हणायचे, आणि ही लीग त्यांनी अशा एका संघटनेला जोडली जी सरकारला डोळ्यांसमोर नको होती.

हे नीट कळायला तेव्हाचं रग्बी कसं वाटून घेतलेलं होतं ते सांगायला हवं. गोऱ्यांचा बोर्ड 1889चा, स्प्रिंगबॉक ही देशाची टीम म्हणजे त्यांचीच. आफ्रिकन लोकांचा बोर्ड वेगळा, 1935चा. ज्यांना सरकार कलर्ड, म्हणजे मिश्र वंशाचे, म्हणायचं त्यांचा बोर्ड 1897ला किंबर्लीत सुरू झालेला, त्याला खुद्द सेसिल ऱ्होड्सने, म्हणजे तिथल्या बड्या इंग्रज खाणमालक पुढाऱ्याने, कप दिलेला. 1959मध्ये यातलीच काही माणसं फुटली आणि त्यांनी गोऱ्यांच्या बोर्डाशी जुळवून घेणारं एक फेडरेशन काढलं. जे उरले त्यांनी 1966ला आपल्या बोर्डाच्या नावातून रंगच काढून टाकला आणि साउथ आफ्रिकन रग्बी युनियन असं नाव घेतलं. सारू. म्हणजे इथे कोणीही या, आम्ही कातडी बघत नाही. क्वारूचे क्लब आफ्रिकन वस्तीतले, ते या सारूत गेले आणि कलर्ड, मुसलमान अशा सगळ्यांबरोबर एका स्पर्धेत खेळायला लागले. आज वाचताना यात काय विशेष असं वाटेल, पण त्या वेळी राहायची गल्ली, शाळा, बस, दफनभूमी, सगळं कायद्याने वेगवेगळं होतं, आणि काळ्यांनी काळ्यांपासूनही वेगळं राहावं हाच तर सरकारचा सगळा आटापिटा होता.

अन्याय सोसणाऱ्यांच्यात आपापसात भिंती नव्हत्या असं अजिबात नाही. केपटाउनमधली सिटी अँड सबर्बन युनियन ही कलर्ड लोकांचीच, पण ती कित्येक वर्षं मुसलमान खेळाडूंना घेत नव्हती. म्हणून क्वारूवाल्यांनी 1971ला उचललेलं पाऊल मला फार मोठं वाटतं. गोऱ्यांनी आपल्याला घ्यावं ही मागणी सगळेच करत होते, यांनी आधी आपल्या शेजाऱ्याबरोबर खेळायला सुरुवात केली.

आणि रग्बी हा त्यांच्यासाठी कुणी दान दिलेला खेळ नव्हता, हे पण सांगितलं पाहिजे. ईस्टर्न केपमध्ये, म्हणजे पोर्ट एलिझाबेथच्याच भागात, लव्हडेल, हील्डटाउनसारख्या मिशन शाळांमधून हा खेळ खोसा लोकांत गेला आणि मुरला. पोर्ट एलिझाबेथमध्ये काळ्या खेळाडूंचा युनियन नावाचा क्लब 1887ला सुरू झाला. गोऱ्यांचा राष्ट्रीय बोर्ड त्यानंतर दोन वर्षांनी! पुढे ओरिएंटल्स आला, आणखी क्लब आले, 1905पर्यंत त्यांची स्वतःची प्रांतिक संघटना पण झाली. न्यू ब्रायटन वस्तीतला एरिक मजोला उन्हाळ्यात क्रिकेट आणि हिवाळ्यात रग्बी, दोन्हीत हुकमी खेळाडू. त्याचा मुलगा खाया मजोलाही पुढे वर्णभेद न मानणाऱ्या क्रिकेटमधलं मोठं नाव झाला. म्हणजे क्वारू उभी राहिली तेव्हा या खेळाला तिथे ऐंशी-पंच्याऐंशी वर्षं होऊन गेली होती, आजोबा-नातवाची परंपरा झाली होती.

माझा या गोष्टीशी संबंध आला तो गाड्यांमुळे. मी चाकणच्या पट्ट्यात गाड्यांच्या सुट्या भागांच्या धंद्यात आहे आणि पोर्ट एलिझाबेथ, शेजारचं युटेनहेग हा दक्षिण आफ्रिकेतला गाड्यांचा पट्टा, फोर्डने तिथे 1924ला कारखाना टाकला, मग जनरल मोटर्स, मग युटेनहेगला फोक्सवॅगन, बरोबर टायरवाले. त्यामुळे कामानिमित्त जाणं झालं. (2021ला शहराचं नाव बदललंय पण ही गोष्ट जुन्या नावाच्या काळातली आहे म्हणून तेच ठेवतो.) तिथल्या एका सहकाऱ्याने रविवारी जेवायला घरी बोलावलं आणि त्याच्या वडिलांशी ओळख झाली. आयुष्य असेंब्ली लाइनवर गेलेलं, एक गुडघा कायमचा वाकडा. भिंतीवर टीमचा कृष्णधवल फोटो. मागची रांग उभी, मधली खुर्च्यांवर, पुढचे दोघे मांडी घालून, मधल्या माणसाच्या पायाशी बॉल, आणि खाली पांढऱ्या शाईने हाताने लिहिलेली नावं, काही पुसट झालेली. मी आपलं सहज विचारलं की यातलं कोणी स्प्रिंगबॉक झालं का. तर ते म्हणाले, आमच्यातल्या कोणाला व्हायचंच नव्हतं. आवाजात कडूपणा नव्हता, अगदी साधेपणाने सांगितलं. मग दुपारभर तेच बोलत होते आणि मी ऐकत होतो, आणि परत आल्यावर मी जे मिळेल ते वाचत सुटलो.

शनिवार कसा असायचा ते त्यांनी सांगितलं. शुक्रवारची पाळी संपवून आलेली माणसं, झोप अर्धवट, सकाळी जर्सी धुऊन तारेवर वाळत टाकलेली असायची कारण एकच सेट. बूट एका टीमकडून दुसऱ्या टीमकडे जायचे, आधीची मॅच संपली की पुढच्यांनी तेच घालायचे, नंबर जुळला तर जुळला. सकाळी ज्युनियर टीम, दुपारनंतर पहिली टीम, तोवर अख्खी वस्ती ग्राउंडभोवती. बायका मोठाल्या टोपल्यांत अमागविन्या घेऊन बसायच्या, म्हणजे मैद्याचे तळलेले गोळे, गरम असले की कशाबरोबरही चालतात. त्या शहरात वारा भयंकर आहे, बाराही महिने, त्यामुळे नाणेफेक जिंकून कुठली बाजू घ्यायची यावर अर्धी मॅच ठरायची आणि वाऱ्याविरुद्ध किक न मारता बॉल हातातच ठेवून पळत सुटायचं, हे त्या रग्बीचं वळण होऊन गेलं. ग्राउंडवर गवत कमी, माती आणि खडी जास्त. टॅकल झाला की कोपर सोलून निघायचं. ते मला बाही वर करून दाखवत होते, कातडीवर अजून डाग आहेत.

गेटवर जमणाऱ्या नाण्यांचा हिशेब कोणीतरी शाळामास्तर वहीत ठेवायचा. स्पॉन्सर नाही, टीव्ही नाही, सरकारी मदतीचा तर प्रश्नच नाही. त्या पैशातून पाहुण्या टीमची बस, पंचांचा चहा, आणि ते म्हणाले की कधी कधी कोणी आत गेलेला असला तर त्याच्या घरचा किराणा. मला यातली वहीची गोष्ट सगळ्यात जास्त भावली. कारण खेळणारे पोर कुठेही सापडतात, पण दर शनिवारी कोण कोणाशी, कुठे, किती वाजता, पंच कोण, हे वर्षानुवर्षं बिनपगारी ठरवणारी माणसं लागतात, तेव्हा कुठे लीग होते.

ग्राउंडचीही एक गोष्ट आहे. नगरपालिकेची, प्रशासन मंडळाची स्टेडियमं वस्तीत होती, पण सरकारच्या रंगवार चौकटीत न बसणाऱ्या लीगला ती मिळणार कशी? डॅन केके हे क्वारूचे पुढारी, व्यापारी माणूस, वस्तीत वजन असलेला. त्यांच्या पुढाकाराने झ्विडे वस्तीत लोकांनी स्वतःचं स्टेडियम उभं केलं. त्याला त्यांचंच नाव आहे. वर्णभेदाच्या ऐन भरात काळ्या लोकांनी स्वतःच्या पैशातून, स्वतःसाठी बांधलेलं स्टेडियम! तिथे रग्बी झालं आणि रग्बी नसेल तेव्हा सभा झाल्या, कारण एवढी माणसं एकत्र जमायला दुसरी जागाच नव्हती.

ऑक्टोबर 1976मधली मॅच बहुतेकांना माहीत असते, कारण त्यात गोरे होते. चीकी वॉटसन हा शेतकरी घरातला गोरा मुलगा, तगडा विंगर, त्याच वर्षी त्याला स्प्रिंगबॉक ट्रायलचं बोलावणं आलेलं. त्याने ते सोडलं आणि भाऊ व्हॅलेन्सबरोबर क्वाझाखेलेत क्वारूच्या मॅचमध्ये उतरला, 10 ऑक्टोबरला. जोहान्सबर्गजवळच्या सोवेटो वस्तीत निदर्शनं करणाऱ्या शाळकरी पोरांवर गोळ्या चालून चारच महिने झाले होते, पोर्ट एलिझाबेथच्या वस्त्याही पेटलेल्या होत्या, गोऱ्या माणसाला परवान्याशिवाय वस्तीत शिरायची बंदी, सरकारने आधीच दम दिलेला. ते गाडीत लपून आत आले. ही गोष्ट जगभर गेली आणि ती जायलाच हवी होती, धाडसच होतं ते. पुढच्या काळात वॉटसन घराण्यातल्या एका भावाच्या कंपनीचं नाव सरकारी भ्रष्टाचाराच्या चौकशीत आलं, त्यावर तिकडे खूप लिहिलं गेलंय. त्याने 1976चं धाडस खोटं होत नाही. माझं म्हणणं वेगळंच आहे. त्या दिवशी मैदानावर दोन भाऊ सोडून बाकी सगळे होते त्यांची नावं कोणाला येतात? ते तर दर शनिवारी तिथेच होते, आणि त्यांना घरी जायला दुसरं शहर नव्हतं.

या लीगने जे नाकारलं त्याची किंमत फार मोठी होती. वर्णभेद न मानणाऱ्या सगळ्या खेळ संघटनांची शिखर संस्था साकोस, 1973ची, तिचं म्हणणं की ज्या समाजात काहीच नॉर्मल नाही तिथे खेळ नॉर्मल कसा असेल. त्यातून फार कडक नियम आले. गोऱ्यांच्या बोर्डाच्या मॅचला खेळायला तर नाहीच, नुसतं बघायलाही जायचं नाही. ज्या शहरात बोएट इरॅस्मससारखं टेस्ट मॅचचं मैदान, जिथे 1974ला ब्रिटिश लायन्सनी, म्हणजे ब्रिटन-आयर्लंडच्या एकत्र टीमने, स्प्रिंगबॉकना 26-9 असं धुतलं, त्याच शहरातल्या रग्बीवेड्या माणसाने घरात बसायचं. त्याच दौऱ्यात लायन्स सरकारमान्य आफ्रिकन टीमशी, लेपर्ड्सशी म्डान्टसानेला खेळले. सारूवाले या सगळ्यापासून लांब राहिले. 1981ला एरॉल टोबायस पहिला कृष्णवर्णीय स्प्रिंगबॉक झाला, तो फेडरेशनमधून आलेला, आणि सारूच्या लोकांनी त्याला आपला मानलं नाही. मला टोबायसबद्दल वाईट वाटतं. गुणी पोराला एकच आयुष्य मिळतं आणि त्याने ते खेळून काढलं तर त्याला फितूर म्हणायला माझी जीभ वळत नाही. पण क्वारूतल्या त्याच्याच तोडीच्या पोरांनाही एकच आयुष्य मिळालं होतं, आणि त्यांनी ते झ्विडेच्या खडीत घालवलं, पुढच्यांसाठी. हे मी विसरू शकत नाही.

आपल्याकडच्या वाचकांना आठवत असेल, 1974ला भारताची टेनिस टीम डेव्हिस कपच्या फायनलला पोचली होती आणि समोर दक्षिण आफ्रिका होती म्हणून आपण खेळलो नाही, कप त्यांना देऊन टाकला. तो नकार देशाने दिला होता. क्वारूच्या पोरांनी तोच नकार दर आठवड्याला, एकेकट्याने दिला, मागे देश उभा नसताना. आणि हे वाचताना मला सारखे पळवणकर बाळू आठवत राहतात. मुंबईच्या क्रिकेटमध्ये टीमा धर्मावर वाटलेल्या, युरोपियन, पारशी, हिंदू, मुसलमान, आणि त्या हिंदू टीमचा सगळ्यात भारी बॉलर, पण जातीमुळे चहा पॅव्हेलियनच्या बाहेर वेगळ्या कपात. 1911च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर विकेट काढल्या तरी कॅप्टनपद कधी दिलं नाही. धर्मावरची ती स्पर्धा 1946नंतर बंद पडली, ते बरंच झालं. मैदान वाटून घेतलं की काय होतं हे आपल्याला परक्या देशात जाऊन शिकायची गरज नाही.

1985 हे त्या भागातलं सगळ्यात वाईट वर्ष. मार्चमध्ये युटेनहेगच्या लंगा वस्तीत अंत्ययात्रेला निघालेल्या जमावावर पोलिसांनी गोळीबार केला, कमीत कमी वीस माणसं गेली, जुलैत आणीबाणी. पोर्ट एलिझाबेथच्या वस्त्यांनी गोऱ्यांच्या दुकानांवर बहिष्कार टाकला आणि तो टिकवला. फोर्ट हेअरचे प्राध्यापक, धर्मगुरू आणि रग्बीवाले मखेन्केसी स्टोफिले त्याच वर्षी न्यूझीलंडला गेले आणि ऑल ब्लॅक्सनी, म्हणजे न्यूझीलंडच्या रग्बी टीमने, आमच्याकडे येऊ नये म्हणून तिथल्या लोकांना पटवत फिरले. तो दौरा कोर्टात अडकून रद्द झाला. परत आल्यावर सिस्काईच्या, म्हणजे वर्णभेदी सरकारने काळ्यांसाठी वेगळा काढलेल्या एका प्रदेशाच्या, सरकारने त्यांना तुरुंगात टाकलं. रॉबेन बेटावरच्या राजकीय कैद्यांनीसुद्धा तुरुंगात रग्बी चालवलं, त्यांच्या बोर्डाचे अध्यक्ष ईस्टर्न केपचे स्टीव्ह त्श्वेटे, जे पुढे मंडेलांच्या मंत्रिमंडळात पहिले क्रीडामंत्री झाले. त्या वर्षांत बाहेर शनिवारच्या मॅच होत होत्या की नाही असं मी म्हाताऱ्या बाबांना विचारलं. ते म्हणाले, झाल्या, कधी अश्रुधुराने थांबल्या, पुढच्या आठवड्यात पुन्हा झाल्या.

मग दिवस फिरले. 1988ला हरारेत गोऱ्यांच्या बोर्डाचे डॅनी क्रेव्हन आणि सारूचे इब्राहिम पटेल आफ्रिकन नॅशनल काँग्रेसच्या लोकांबरोबर एका टेबलावर बसले. मार्च 1992मध्ये दोन्ही बोर्ड एक झाले, तेही किंबर्लीत, जिथे 1897ला सगळं सुरू झालं होतं. क्रेव्हन आणि पटेल जोडीने अध्यक्ष. आणि खालच्या पातळीवर क्वारू ईस्टर्न प्रॉव्हिन्सच्या युनियनमध्ये विलीन झाली आणि तिचं नाव संपलं.

मागणी पूर्ण झाली होती, सगळ्यांचं एकच रग्बी. आणि तरी ज्यांची मागणी होती त्यांचीच लीग गेली, गोऱ्यांच्या क्लबांचं मात्र काहीच गेलं नाही. त्यांची हिरवी मैदानं, दिवे, बार, व्यायामशाळा, मागे उभ्या असलेल्या श्रीमंत शाळा, सगळं जागच्या जागी. वस्तीतल्या क्लबांना सांगितलं की आता तुम्ही पण याच लीगमध्ये, या खेळायला. बसचं भाडं कुठून आणायचं? पूर्वी मॅच दोन गल्ल्या पलीकडे असायची, वस्ती पायी यायची, गेटवर पैसे जमायचे. आता पन्नास मैलांवर जा आणि रिकाम्या स्टँडसमोर खेळा. तीन वर्षांत, ऑगस्ट 1995मध्ये, रग्बी युनियन व्यावसायिक झालं आणि पैसा वरच्या वर फिरायला लागला. त्याच वर्षी मंडेलांनी जर्सी घालून वर्ल्ड कप दिला तो फोटो सगळ्यांना माहीत आहे, त्या अख्ख्या टीममध्ये एकटा चेस्टर विल्यम्स गोरा नव्हता. आफ्रिकन म्हणून पहिला खेळाडू स्प्रिंगबॉक टेस्टमध्ये उतरला तो काया मलोताना, 1999ला. विलीनीकरणाला सात वर्षं होऊन गेल्यावर! क्वारूत आयुष्य काढलेल्यांचं वय तोपर्यंत निघून गेलं होतं.

मी गिरणगावातल्या कबड्डी मंडळांबद्दल घरच्यांकडून ऐकत मोठा झालो, गिरण्या बंद झाल्या तसा मंडळांचा आधारच गेला, नोकरी, चाळ आणि मैदान हे तिन्ही एकमेकांना धरून होते. झ्विडेत मला तसंच काहीसं दिसलं. कारखान्यांतली माणसं कमी झालेली, ग्राउंडची पडझड, सामान चोरीला गेलेलं, पोस्ट मात्र उभे आणि खाली अनवाणी पोरं खेळतायत.

त्या पोरांतलाच एक सिया कोलिसी. जन्म झ्विडे, 1991, आजोबा आणि वडील दोघेही खेळायचे. तो वस्तीतल्या आफ्रिकन बॉम्बर्सकडून खेळायला लागला, या क्लबचं ग्राउंड म्हणजे तेच डॅन केके स्टेडियम. बाराव्या वर्षी एका कोचने त्याला हेरलं, ग्रे हायस्कूलची स्कॉलरशिप मिळाली, आणि पुढे स्प्रिंगबॉकचा पहिला काळा टेस्ट कॅप्टन, 2019चा वर्ल्ड कप, 2023चा वर्ल्ड कप. आपल्याकडेही त्याच्यावर खूप फॉरवर्ड फिरले, गरिबीतून वर आलेला मुलगा वगैरे. त्याचे कष्ट त्याचेच आहेत, आईवेगळं पोर, आजीने वाढवलेलं, त्यातलं काहीच मला कमी करायचं नाही. पण त्या सगळ्या फॉरवर्डमध्ये झ्विडे म्हणजे नुसती अंधारी जागा असते जिथून तो बाहेर पडला. तिथे क्लब होता, बिनपैशाचे कोच होते, लोकांनी बांधलेलं स्टेडियम होतं, शंभर वर्षांहून जुनी परंपरा होती. गरिबीतून कोणी आपोआप फ्लँकर होत नाही, त्याच्या आधी कोणीतरी खूप काही उभं करून ठेवलेलं असतं.

म्हाताऱ्या बाबांना मी विचारलं की एक व्हायला नको होतं का मग. त्यांचा मुलगा मध्येच म्हणाला, नकोच होतं, आपल्याला गिळलं त्यांनी. बाबांना ते पटलं नाही. ते म्हणाले, आम्ही वीस वर्षं कशासाठी खेळलो मग, याचसाठी ना, वेगळं राहायचं असतं तर 1971ला तसंच राहिलो असतो. क्वारूच्याच चळवळीतले वकील सायलस न्कानुनू 1998ला साऱ्या देशाच्या रग्बी युनियनचे अध्यक्ष झाले, ते त्यांना फार अभिमानाने सांगायचं होतं, दोनदा सांगितलं. दोघांचा वाद जेवण थंड होईपर्यंत चालला. मला विचाराल तर एक होणं बरोबरच होतं, पण वस्तीतली ग्राउंडं, ज्युनियर टीम आणि शनिवारचं वेळापत्रक यांना आधी पाच-दहा वर्षं पैसा देऊन मग विलीन करायला हवं होतं. विलीन होताना ज्याच्याकडे कमी आहे त्याचंच सगळं जातं, म्हणून आधी त्याला भरून द्यावं लागतं.

आणि त्या वह्या. गेटचे हिशेब, फिक्स्चर, टीमच्या याद्या. बाबा म्हणाले की काही कोणाकोणाच्या घरात ट्रंकेत असतील, काही वस्तीत घरं जळाली तेव्हा गेल्या. त्यांच्या भिंतीवरच्या फोटोतली पुसट झालेली नावं त्यांच्याकडून विचारून मुलाने आता मागच्या बाजूला बॉलपेनने लिहून ठेवली आहेत. मागच्या रांगेतल्या एकाचं नाव बाबांनाही आठवत नव्हतं, तो लॉकच्या जागेवर खेळायचा आणि टायरच्या कारखान्यात होता एवढंच सांगता आलं, तर त्याच्यापुढे तेवढंच लिहिलंय. असे फोटो त्या शहरात घराघरात असतील, आणि नावं सांगणारी माणसं आता ऐंशीच्या आसपास आहेत, तेव्हा कोणाला तिकडे हे काम करायचं असेल तर आत्ताच करायला हवं.